शहापूरातलं गॅरेज: काम एक नंबर, वेळेचं विचारू नका

रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घेऊन अकरा दिवस झालेले, पावसात घरासमोर ओल्या मातीत साइड स्टँडवर लावली आणि मी वळतोय तोवर स्टँड रुतून गाडी धाडकन आडवी की, १९५ किलोचं धूड, शेजारच्या काकांनी हात लावला म्हणून उठली. क्लच लिव्हर वाकला, आरसा फुटला, लेगगार्डला ओरखडे. गॅरेजात नेली, मेकॅनिकला म्हटलं मामा, लिव्हर ठोकून सरळ करा, तर म्हणतात "नको गा, अल्युमिनियम हाय, परत वाकवलं की कधीतरी रस्त्यातच मोडतंय, नवीनच घाल." हँडल जरा तिरकं वाटत होतं, तेपण फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट ढिले करून सरळ केलं, वेगळे पैसे नाहीत. तासाभरात देतो म्हणून संध्याकाळ केली, चहा मात्र दोनदा पाजला. ओरखडे तसेच ठेवलेत, बाबांना अजून दिसले नाहीत.