निफ्टी 200 मोमेंटम 30 इंडेक्स फंड: सगळ्यांना माहीत असलेलं सूत्र अजून चालतं का?

बरेच जण विचारतात घ्यावा का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझी ह्यात एसआयपी चालू आहे. कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, बऱ्याच जणांनी काढलाय आणि आतला माल सगळीकडे तोच.

निफ्टी 200 मधले (देशातल्या मोठ्या आणि मध्यम 200 कंपन्या) गेल्या 6 आणि 12 महिन्यांत जास्त चढलेले 30 शेअर घ्यायचे (किती हेलकावे खात चढले तेही बघतात), जून आणि डिसेंबरला यादी बदलायची, बस्स. चढलेला शेअर पुढेही काही काळ चढत राहतो, हाच तो मोमेंटम. पण हे सूत्र तर एनएसईच्या साइटवर उघड आहे, मग सगळे तेच करून फायदा संपवून का टाकत नाहीत?

संपवतात ना! मॅक्लीन आणि पाँटिफ ह्या दोन संशोधकांचा 2016 चा पेपर आहे, त्यांनी शेअर निवडायचे असे 97 पॅटर्न तपासले तर पेपर छापून आल्यावर त्यांचा परतावा सरासरी 58 टक्क्यांनी कमी झालेला. छापून यायच्या आधीच, म्हणजे ज्या वर्षांच्या डेटात पॅटर्न सापडला ती सोडून पुढची वर्षं बघितली की, 26 टक्के घट दिसतच होती, म्हणजे तेवढा भाग मुळात योगायोगच असू शकतो. म्हणून फंडाचा चार्ट बघताना सांभाळून, तो 1 एप्रिल 2005 पासून सुरू होतो पण इंडेक्स आलाय ऑगस्ट 2020 मध्ये, मधली 15 वर्षं मागे जाऊन मांडलेली आहेत, त्यात कोणाचा एक रुपया नव्हता. हे न सांगता तो चार्ट दाखवून विकतात त्यांचा मला खरंच राग येतो.

मग मी का घेतला? जानेवारीत छोटे शेअर चढतात हे अमेरिकेत सगळ्यांना कळलं आणि ते बरंचसं विरलं. मोमेंटमवर जेगदीश आणि टिटमन या संशोधकांनी 1993 मध्ये लिहिलं, तरी ते पूर्ण गेलं नाही. माझ्या मते कारण एकच, ते सहन करायला फार अवघड आहे. 2009 मध्ये अमेरिकेत बाजार तळातून उसळला तेव्हा पडलेलेच शेअर सुसाट सुटले आणि मोमेंटमवाले झोपले. आपल्याकडे सप्टेंबर 2024 च्या शिखरापासून मार्च 2025 च्या सुरुवातीपर्यंत निफ्टी 16 टक्क्यांच्या आसपास पडला आणि हा इंडेक्स तीसेक टक्के. अशा वेळी एसआयपी बंद करावीशी वाटतेच, आणि लोक बंद करतात म्हणूनच टिकणाऱ्यांसाठी काहीतरी उरतं.

एक गोष्ट मात्र खटकते. पुढच्या यादीत कोण येणार ह्याचा अंदाज ट्रेडर लोक आधीच बांधतात आणि शेअर घेऊन ठेवतात, मग बदलाच्या दिवशी फंडाला चढ्या भावाने घ्यावे लागतात. हा खर्च एक्स्पेन्स रेशोत (फंडाच्या वार्षिक फीत) नाही आणि ट्रॅकिंग डिफरन्समध्येही (फंड आणि इंडेक्सच्या परताव्यातल्या फरकात) दिसत नाही कारण इंडेक्सच त्या भावाने बदलतो. फंडांमध्ये पैसा वाढेल तसा हा प्रकार वाढणार असं मला वाटतं.

टॅक्सचा फायदा मात्र मोठा आहे, हीच अदलाबदल स्वतःच्या डिमॅटमध्ये केली तर वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 20 टक्के जातात, फंडाच्या आत झाली तर तुमच्यावर काही येत नाही.

5 पैकी साडेतीन स्टार. इक्विटीतला 10-15 टक्के भाग ठीक, मुलांच्या फीचे पैसे अजिबात नको.