मारुती 800 च्या मागच्या ब्रेकसाठी शू-सेट: माल चांगला, स्प्रिंगा वेगळ्या घ्या

सेटमध्ये चार शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानी), दोन्ही चाकांपुरते. लायनिंग (शूवरचा घासणारा थर) एकसारखं चिकटवलेलं, कडा सुट्या नाहीत. उणीव एकच, पण मोठी: शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा सेटसोबत मिळत नाहीत. जळगाव-धुळ्याच्या उन्हात, काळ्या मातीच्या धुळीत वर्षानुवर्षं राबलेल्या गाडीच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात. मग शू मागे येत नाही, घासत राहतो, ड्रम तापतो. स्प्रिंग किट सोबतच घ्या.

पुढच्या चाकांना दगड लावून हॅन्डब्रेक सोडा. ड्रम अडकला तर हातोडा नको. त्याच्या आटे असलेल्या दोन भोकांत 8 मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळा. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुन्याला राहू द्या. ड्रम काढलेला असताना पेडल दाबलं तर व्हील सिलिंडरचा (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग) पिस्टन बाहेर येतो. सिलिंडरचं रबर उचलून नक्की बघा: आत ओल असेल तर आधी सिलिंडर बदला, नाहीतर नवे शू ब्रेक ऑइलने भिजून वाया जातील. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) मागे घेतल्याशिवाय नव्या जाड शूवर ड्रम चढत नाही.

चाळीसगावकडे कन्नडचा घाट उतरण्याआधी शंभरेक किलोमीटर सपाटीवर चालवा. शू ड्रमला बसायला तेवढं लागतं.