४४९ रुपयांची मोबाइलवाली मॅक्रो लेन्स आणि धुऱ्यावरचे मुंगीखाऊ कोळी : साडेतीन स्टार

लेन्स घेऊन आठ महिने झाले, अख्खा खरीप आणि अर्धी रब्बी वापरून झाली म्हणून आता लिहून राहिलो. दोन दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांचं वाचूनच मी घेतली होती, तर ती चूक माझीच. वस्तू एकदम साधी आहे, चिमट्यासारखी क्लिप, त्यात १५ पटवाली काच, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवायची. पार्सल आमच्या गावात येत नाही, हिंगणघाटला जाऊन आणावं लागलं, ते पेट्रोल धरलं तर साडेपाचशेला पडली म्हणा.

कशाला घेतली ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल फुलांच्या फोटोसाठी. मागच्या वर्षी निंदणाच्या वेळेस वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक दगड उचलला तर खालून कोळी पळाला, काळपट, पाच-सहा मिमीचा असेल, पोटावर फिकट ठिपके, आणि तोंडात मुंगी. कोळी म्हणजे जाळं टाकून बसणारा एवढंच आपल्याला माहीत, हा तर पायी शिकार करून राह्यला. मग वाचत गेलो तर कळलं की याचं अख्खं खानदान आहे, झोडॅरिडी, जगात १,००० च्या वर जाती. त्यातला भूमध्य समुद्राच्या बाजूचा झोडॅरिऑन तर मुंगीशिवाय दुसऱ्या कशाला जवळपास तोंडच लावत नाही. मुंगीच्या पायाला चावतो, मागे सरकतो, ती लुळी पडेपर्यंत दूर उभा राहतो, मग उचलून नेतो. रस्त्यात दुसरी मुंगी आडवी आली तर मेलेली मुंगी पुढे करतो, ती मिशांनी चाचपते, आपलीच आहे समजते आणि निघून जाते. आता बोला. बाकी खानदानातले सगळेच असे नाहीत, बरेच जण मिळेल ते खातात.

तर लेन्स. पहिलं काम घरातच झालं. आमच्या पडवीच्या भिंतीवर रुपयाच्या नाण्याएवढं चपटं जाळं असतं, तुमच्याकडेही असेल, झाडूनं रोज काढतो आपण. त्यात अडीच-तीन मिमीचा कोळी बसतो, ओएकोबियस, हा झोडॅरिडीवाला नाही, पण मुंगीखाऊच. लेन्स लावून मी भिंतीपासून दोन सेंटिमीटरवर मोबाइल धरून बसलो, श्वास रोखून, कारण फुंकर लागली की तो आत. मुंगी आली, जाळ्याच्या दोऱ्याला पाय लागला, हा बाहेर निघाला आणि तिच्या भोवती गरागरा फिरायला लागला, पाठ तिच्याकडे करून. मागच्या टोकाला केसांचा झुपका असतो त्यानं रेशीम ओढून ओढून तिच्यावर टाकत होता, बैल तिफणीला वळवतात तसा नाही, खळ्यात मळणीला फिरतात तसा. मुंगी जागेवर बांधली गेली. हे साध्या डोळ्याला नुसता टिंब हलल्यासारखं दिसतं, लेन्सनं केसन्केस दिसला. मागून माय आली, "भिंतीले काऊन चिकटला बे? पोपडे मोजून राह्यला का?" तिला दाखवलं तर म्हणे, "आता झाडू कसा मारू मी?" या एका व्हिडिओसाठी पैसे वसूल.

खरी परीक्षा धुऱ्यावरच्यांची होती आणि तिथे लेन्सची हद्द समजली. तिथे मला ठिपकेवाले दोन प्रकार वाटत होते. एकाचे ठिपके पिवळट, पाय गडद, दुसऱ्याचे ठिपके पांढरे, पाय फिकट. मी छातीठोकपणे दोन जाती समजून बसलो. लेन्सनं खानदान ओळखता येतं, डोळे आठ, दोन वाकड्या ओळीत, आणि मागे रेशीम काढायच्या नळ्यांपैकी पुढची जोडी लांब, बाकीच्या बारीक. हे मोबाइलवर स्पष्ट दिसतं. मात्र डोळे क्लिअर आले की पाय धूसर, पाय क्लिअर आले की डोळे गेले, १५ पटला फोकसची जागा कागदाएवढीच असते. त्यात आजकालच्या मोबाइलला तीन-तीन कॅमेरे, जवळ नेलं की तो आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि लेन्स लावलीय पहिल्यावर. सेटिंगमधून बंद करा, डब्यावर हे कुठेच लिहिलेलं नाही.

जिवंत कोळी थांबत नाही त्यावर माझा जुगाड सांगतो. छोट्या डबीत खाली स्पंज, त्यावर कोळी, आणि तोंडावर खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटायची, कोरी पन्नी ताणून रबर. स्पंज खालून हलकेच वर ढकलला की कोळी पन्नीला टेकतो, दबत नाही, हलत नाही. पन्नी नवीच घ्या बाप्पा, घोटलेली नको. ठेलेवाल्या काकाजींनी दहा पन्न्या फुकट दिल्या, वरून विचारलं, "खर्रा सोडून पन्नीच खाऊन राह्यला का आता?"

शेवटी ओळखीच्या सरांनी कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पाहू दिलं आणि माझं गणित उलटं झालं. पिवळट ठिपकेवाला आणि पांढऱ्या ठिपक्यांची, हे एकाच जातीचे नर-मादी निघायची शक्यता जास्त, आणि मी जे दोन नर एकसारखे म्हणून एकाच डबीत ठेवले होते ते वेगळे! फरक रंगात नव्हताच. नराच्या तोंडाजवळ दोन छोटे हात असतात, पेडिपाल्प, त्यांचं टोक बॉक्सिंगच्या ग्लोव्हसारखं फुगलेलं, त्यानंच तो मादीला वीर्य देतो. त्या ग्लोव्हच्या मागच्या सांध्यावर एक काटा असतो, एका नराचा हुकासारखा वाकलेला, दुसऱ्याचा टोकाला दुभंगलेला, वखराच्या फासेसारखा नाही, आंब्याच्या बेचक्यासारखा. मादीत पोटाखालची पट्टी, एपिगाइन, ती ७० टक्के अल्कोहोलमधल्या नमुन्यातून काढून लवंगेच्या तेलात ठेवली की पारदर्शक होते आणि आतल्या नळ्यांचे वळसे मोजता येतात. जवळच्या जाती नर-मादीच्या या अवयवांवर, म्हणजे याच कुलूप-किल्लीवर वेगळ्या करतात. सर म्हणाले रंगावर गेलास तर एकाच जातीची चार नावं करशील. पिल्लांचं तर नावच घेऊ नका, त्यांचे हे अवयव तयार झालेले नसतात.

मी म्हटलं मग आपल्या धुऱ्याची नवी जात जाहीर करून टाकू, हिंगणघाटचं नाव देऊ. सर हसले. आधी त्याच वंशातल्या जुन्या जातींची चित्रं आणि वर्णनं समोर ठेवायची. याच खानदानातल्या मॅलिनेला नावाच्या एकाच वंशात २०० च्या वर जाती. बऱ्याच जातींचा फक्त नर किंवा फक्त मादीच माहीत, मग तुझा नर त्यांच्या मादीचा जोडीदार नाही कशावरून? त्यातून पार पडलं तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना म्हणून संग्रहालयात जमा, मोजमापं मिमीत, चित्रं दोन बाजूंनी. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या जातीपासून ही कशानं वेगळी ते एका परिच्छेदात लिहायचं. खरी मेहनत त्या एका परिच्छेदाची.

म्हणजे जाहिरातीत लिहिलंय ना "मायक्रोस्कोपची गरज नाही", ते खोटं आहे. हुक की बेचकं, हे या लेन्सनं अंदाजानंसुद्धा दिसत नाही, अर्धा स्टार तिथेच कापला. मुंग्यांची नक्कल करणारे उड्या मारणारे कोळी तुरीवर असतात, पुढचे पाय मिशांसारखे वर धरतात, ते ओळखायला मात्र ही लेन्स भारी, आठ पाय मोजले की खेळ संपला.

बाकीचा एक स्टार क्लिपसाठी कापला. तिसऱ्या महिन्यात स्प्रिंग तुटली. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर त्यांनी विचारलं, लेन्स चालू आहे ना? चालू आहे म्हटलं तर तक्रार बंद. आता कपडे वाळवायचा लाकडी चिमटा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून चालू आहे, आधीपेक्षा पक्की बसते. झाकण तुरीत पडलं, ते काही सापडलं नाही.