डॅशबोर्डच्या आड झालेली फसवणूक : गाडीत स्टीरिओ आणि अलार्म बसवून घेणाऱ्यांसाठी

ज्यांना आपल्या मोटारीत बाहेरून नवा स्टीरिओ, ॲम्प्लिफायर किंवा चोरी रोखणारा अलार्म बसवून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पुण्यात नाना पेठेपासून उपनगरांतील हमरस्त्यांपर्यंत अशी कामे करणारी पुष्कळ दुकाने आहेत आणि त्यांतील अनेक जण चोख काम करतात, हे आधीच नमूद करते. मला ज्या दुकानाने फसवले त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण ही रीत त्या एका दुकानापुरती नाही. माझी गाडी पुढे ज्यांनी दुरुस्त केली, त्या जुन्या जाणत्या वायरमन काकांकडे अशा प्रकारे बिघडवलेल्या गाड्या नेहमीच येतात.

माझ्या छोट्या पेट्रोल गाडीसाठी दुकानदाराने ‘पूर्ण सेट’ म्हणून ४२,००० रुपयांचा भाव सांगितला. त्यात टचस्क्रीन असलेला अँड्रॉइड स्टीरिओ, एका नामांकित कंपनीचे चार स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि रिमोटवर चालणारा अलार्म एवढे साहित्य होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्टीरिओ अँड्रॉइड १३ चा, ८ जीबी रॅमचा आणि आठ कोअरचा होता. सर्व जोडणी गाडीची एकही वायर न कापता कपलरला (तारांच्या टोकाच्या तयार खटक्याला) कपलर लावून होणार होती. अलार्म रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी संकेत बदलणारा, असून चोरीचा प्रयत्न झाल्यास इंजिन बंद पाडणार होता. शिवाय तो एआरएआय या पुण्यातील वाहनविषयक संस्थेने मान्य केलेला असल्यामुळे विम्याच्या हप्त्यात सवलत मिळेल, अशी आश्वासने त्याने दिली. ही सारी मी त्याच्याच वहीतील कोटेशनवर लिहून घेतली होती आणि त्या कागदाचा पुढे फार उपयोग झाला. पक्के बिल मागितल्यावर त्याने २६,००० रुपयांचे बिल दिले आणि उरलेले १६,००० रुपये ‘फिटिंग आणि वायरिंगचे’ म्हणून रोख घेतले. बिलावर मॉडेल किंवा सिरियल नंबर न लिहिता केवळ ‘कार ॲक्सेसरीज, १ सेट’ एवढेच लिहिलेले होते. नंबर लिहून देण्याचा आग्रह धरला तेव्हा, “मॅडम, सिस्टीममध्ये तसा रकानाच नाही,” असे उत्तर मिळाले.

काम दुकानात न होता मागच्या गल्लीत झाले, आणि डॅशबोर्ड उघडलेला असताना जवळ उभे राहू देण्यास फिटरने नकार दिला. संध्याकाळी गाडी ताब्यात मिळाली तेव्हा पडदा झळकत होता, आवाज दणदणीत होता आणि रिमोटचे बटण दाबताच सायरन वाजत होता. म्हणजे जे डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते, ते सर्व व्यवस्थित होते.

पहिली अडचण बॅटरीची आली. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होईना. दुकानदाराने फोनवरच बॅटरी जुनी झाल्याचे निदान केले आणि आपल्याच ओळखीच्या ठिकाणाहून नवी बॅटरी घ्यायला लावली. पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीनंतर तीही तशीच मेली. गाडीची किल्ली काढल्यावर स्टीरिओ आपोआप बंद होत नाही याकडे मी लक्ष वेधले, तर या मॉडेलला तसेच असते, पॉवर बटण दाबून पडदा बंद करत जा, असे सांगण्यात आले.

वायरमन काकांनी बॅटरीच्या ऋण टोकाशी मल्टिमीटर लावून गाडी बंद असताना किती वीज ओढली जाते ते मोजले. चांगल्या अवस्थेतील गाडीत हा आकडा साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. माझ्या गाडीत तो ६०० होता. त्यांनी तेथेच हिशेब करून दाखवला : ०.६ अँपिअर म्हणजे दिवसाला १४ अँपिअर-अवरपेक्षा अधिक, आणि माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. तेव्हा शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ या साठ तासांत कोरी करकरीत बॅटरीसुद्धा रिकामी होणार. त्यांनी डॅशबोर्ड उघडला तेव्हा कारण समोरच दिसले. स्टीरिओला दोन वेगळ्या तारांनी वीज मिळते. पिवळी तार बॅटरीशी कायम जोडलेली असते आणि स्टीरिओ बंद असताना तिच्यातून केवळ वेळ व सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती थोडी वीज घेतली जाते. लाल तारेला किल्ली फिरवल्यानंतरच वीज मिळते आणि तिच्यावर स्टीरिओ चालू-बंद होतो. किल्लीवर चालणारी तार शोधण्याचे कष्ट वाचवण्यासाठी फिटरने या दोन्ही तारा एकत्र पिळून कायम वीज असलेल्या तारेला जोडल्या होत्या आणि ॲम्प्लिफायरला जागे करणारी निळी तारही त्यांतच गुंडाळली होती. त्यामुळे पडदा काळा दिसला तरी आतील यंत्रणा रात्रंदिवस जागी राहत होती. कपलरचा तर पत्ताच नव्हता. कंपनीचा मूळ सॉकेट कापून टाकला होता आणि प्रत्येक जोडावर साधी काळी टेप होती, जी पुण्याच्या उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डमध्ये सुटू लागली होती.

बॅटरी बदलून पैसे उकळणे हा मूळ फसवणुकीवर चढवलेला दुसरा मजला होता. यानंतर जे आढळले ते मात्र पैशांपुरते राहिलेले नव्हते. गाडीच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात : लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. अलार्मचा सायरन आणि इंडिकेटर ज्या सर्किटला जोडले होते, तेथे मूळ लाल फ्यूज असायला हवा होता, आणि तेथे हिरवा बसवलेला होता. जादा भारामुळे मूळ फ्यूज उडत असणार, म्हणून फिटरने तो तिप्पट क्षमतेचा करून टाकला होता. फ्यूजचे काम तार वाचवणे हे असते. १० अँपिअरच्या हिशेबाने घातलेल्या बारीक तारेवर ३० चा फ्यूज बसवला की दोष निर्माण झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि तार तापत जाऊन तिचे आवरण पेटते. ॲम्प्लिफायरची जाड तार बॅटरीवरून थेट मागच्या डिकीपर्यंत नेली होती आणि तिच्यावर फ्यूजच नव्हता. असा फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा लागतो, कारण ती तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते. माझ्या गाडीत ती इंजिनाकडून आत येताना रबरी बुचाशिवाय पत्र्याच्या भोकातून ओढलेली होती, आणि तिचे आवरण घासले जाऊ लागले होते.

काकांनी त्याच तारेचे टोक पात्याने खरवडले आणि म्हणाले, “ताई, ही तांब्याची नाही. आत पांढरी दिसते बघा.” बाजारात अशा तारेला सीसीए म्हणतात, ती ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे ६० टक्के आहे, म्हणून त्याच जाडीची ही तार तितक्याच भाराला अधिक तापते. कोटेशनवर दुकानदाराने ‘प्युअर कॉपर’ असे लिहून दिलेले होते.

स्टीरिओच्या बाबतीत माहितीच्या पानावर अँड्रॉइड १३ आणि ८ जीबी हेच दिसत होते, कारण ते पान बनावट आकडे दाखवील अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्येच केलेली असते. माझ्या भाच्याने त्यावर सीपीयू-झेड हे मोफत ॲप टाकले. त्यात एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडची आवृत्ती ओळखण्याचा क्रमांक, २७ दिसली. ही पातळी अँड्रॉइड ८.१ ची असते, १३ ची ३३ असायला हवी. प्रोसेसर आठऐवजी चार कोअरचा निघाला आणि रॅम २ जीबी. ही तपासणी दुकानाच्या काउंटरवर पैसे देण्यापूर्वी करता येते आणि प्रामाणिक दुकानदार तिला हरकत घेत नाही.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ३,८०० वॅट छापले होते. त्याच्या मागच्या बाजूला बसवलेला फ्यूज ३० अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत जास्तीत जास्त सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो, म्हणजे ते यंत्र सलग ४३२ वॅटपेक्षा अधिक वीज आत घेऊच शकत नाही, आणि त्यातीलही बराच भाग उष्णतेत जातो. मग ३,८०० वॅट बाहेर कोठून येणार? स्टीरिओवरील ‘४ × ५० वॅट’ हा आकडाही क्षणिक कमाल असतो. आतील चिप चार ओहमच्या स्पीकरला सलग २० वॅटच्या आसपास देते. विचारायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, आणि तेही लेखी. स्पीकर बनावट होते, एवढेच सांगते : त्यांच्यावर आयातदाराचे नाव व पत्ता नव्हता आणि कंपनीच्या ग्राहक सेवेने त्यांच्यावरील सिरियल नंबर आपला नसल्याचे ईमेलने कळवले.

अलार्मच्या बाबतीतील खोटेपणा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण गाडी सुरक्षित आहे या समजुतीने माणूस ती निर्धास्तपणे कोठेही उभी करतो. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर संकेत बदलतो, त्यामुळे एकदा हवेतून पकडलेला संकेत पुन्हा वापरता येत नाही. माझ्या रिमोटचा संकेत कायम एकच होता. किल्ल्या बनवणाऱ्या एका दुकानात त्याची नक्कल माझ्यासमोर काही मिनिटांत तयार झाली आणि तिने अलार्म बंद झाला. इंजिन बंद पाडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) तर जोडलेलाच नव्हता. तो टेपमध्ये गुंडाळून डॅशबोर्डखाली टाकून दिला होता. याची परीक्षा अगदी सोपी आहे : काच खाली ठेवून गाडीत बसावे, रिमोटने अलार्म लावावा आणि किल्लीने गाडी सुरू करून पाहावी. माझी गाडी सायरनच्या आवाजात निवांत सुरू झाली. वास्तविक आजच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही; ही कारखान्यातून आलेली सोय असताना वरून असा अलार्म घेण्याची गरज आहे का, याचाच विचार आधी झाला पाहिजे, असे माझे मत झाले आहे.

विम्याच्या सवलतीचा प्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात एक खरी तरतूद खोट्या मालाला चिकटवली जाते. मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये, म्हणजे दरपत्रकात, चोरीरोधक यंत्रासाठी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, एवढी सवलत आहे. मात्र त्यासाठी यंत्र एआरएआयने, म्हणजे आपल्याच पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, मान्य केलेले असावे लागते आणि ते बसवल्याचे मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचे प्रमाणपत्र लागते. माझ्या खोक्यावर एआरएआयचे नाव स्टिकरवर छापलेले होते. प्रमाणपत्र मागितल्यावर दुकानदाराने विषय बदलला. विमा प्रतिनिधीने याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. बाहेरून बसवलेले विजेवर चालणारे साहित्य पॉलिसीत त्याच्या किमतीसह वेगळे नोंदवावे लागते आणि त्यासाठी साधारणपणे त्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता असतो. तशी नोंद नसेल तर गाडी चोरीला गेल्यावर त्या साहित्याची भरपाई मिळत नाही. नोंदीसाठी अर्थातच तपशीलवार बिल लागते, आणि ‘कार ॲक्सेसरीज, १ सेट’ एवढ्यावर काहीही होत नाही. गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तारा कापलेल्या पाहून वायरिंगची वॉरंटी नाकारली, ते तर वेगळेच.

दुकानदाराशी झालेल्या बोलण्याचा तपशील देण्यात अर्थ नाही. विकलेला माल परत घेतला जात नाही, ही पाटी तो दाखवत राहिला. ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्याने मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ समजावून सांगितला. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही त्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. तक्रार आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, वस्तूसाठी आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली, दुकानाने तिला उत्तर दिले नाही, पण तिचा क्रमांक पुढच्या कागदपत्रांत जोडता आला.

मी वायरमन काकांकडून प्रत्येक दोषाचा फोटो, मल्टिमीटरचे वाचन आणि सहीचा लेखी अहवाल घेतला. त्यांना एकच विनंती केली होती, की कापलेला सॉकेट, ती पांढरी तार आणि हिरवा फ्यूज फेकून देऊ नयेत. हे सर्व, कोटेशनचा कागद आणि स्पीकर कंपनीचा ईमेल यांच्या प्रती जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, तेव्हा दुकानदार तडजोडीला आला. त्याने बिलावरील २६,००० रुपये परत केले आणि सामान उतरवून घेतले. रोख दिलेल्या १६,००० रुपयांविषयी तो बोलायला तयार नव्हता, कारण त्या रकमेचा कागद माझ्याकडे नव्हता आणि त्याच्याकडे असला तरी तो दाखवणार नव्हता. गाडीचा कंपनीचा मूळ स्टीरिओ आणि चार मूळ स्पीकर काढून घेताना त्याने ‘जुने आम्ही ठेवून देतो’ एवढेच म्हटले होते, आणि आता ते भंगारात गेले असे तो सांगतो. ते चालू स्थितीत होते. नवा सॉकेट बसवणे, तारा बदलणे आणि फ्यूज मूळ क्षमतेचे करणे यांचा खर्च निराळा झाला. मूळ स्टीरिओच्या किमतीसाठी आणि त्या खर्चासाठी जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. तिच्यासोबत गाडी घेतानाचे मूळ साहित्याची यादी असलेले पत्रक, आणि गाडी फिटरच्या ताब्यात देण्यापूर्वी सहज काढलेला डॅशबोर्डचा एक फोटो जोडला आहे.