व्हिक्टर सिल्व्हेस्टरच्या लाखेच्या तबकड्या: गोव्यात घ्याव्यात का?

जॅझवाले इंग्रज बँडप्रमुख व्हिक्टर सिल्व्हेस्टरच्या नाचाच्या संगीताला नाकं मुरडतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत. हळदोण्याचा जॅझ वादक चिक चॉकलेट याच्या ट्रम्पेटवर कान तयार झाले असतील, तर सिल्व्हेस्टर गुळमट वाटणारच. पण हा माणूस 1922 चा बॉलरूम नृत्यातला विश्वविजेता. 1935 मध्ये त्याने वाद्यवृंद काढला तो नाचणाऱ्यांसाठी. ट्रम्पेट नाही, गायक नाही. दोन पियानो, व्हायोलिन, सॅक्स, बास, ड्रम. एक पियानो चाल धरतो, दुसरा वरच्या सप्तकात बारीक नक्षी काढत बसतो. गाय लोम्बार्डोच्या नाच-बँडची थरथरती सॅक्स याहून गोड, पण लय मोजून हवी असेल तर सिल्व्हेस्टरच.

कोलंबिया कंपनीच्या तबकडीच्या लेबलावर वॉल्ट्झ, क्विकस्टेप असा नाचाचा प्रकार छापलेला असतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघालेली प्रत मिळाली तर विलायती प्रतीच्या मागे धावू नका. प्रत कोणती, यापेक्षा ती कशी वापरली गेली, यावर आवाज ठरतो.

तबकडी उजेडात तिरकी धरा. खाचा करड्या दिसल्या तर बोथट पिनेने खाल्लेल्या आहेत. धुऊन फरक पडत नाही. पांढुरके ठिपके ही आपल्या पावसाची देणगी. बुरशी निघते, पण तिथला पृष्ठभाग खरबरीत झाला असेल तर चरचर राहते. मधल्या भोकात बोट घालून कडेवर नखाने टकटक करा: चांगली तबकडी खणखणते, तडा असेल तर आवाज बद्द येतो. दुकानदाराला वाजवून दाखवायला सांगताना वॉल्ट्झच मागा. व्हायोलिनचा लांब सूर हेलकावला, तर भोक मधोमध नाही, तबकडी वाकली आहे किंवा यंत्राचा वेग धरत नाही.

वेग तपासायला तबकडीखाली कागदाची पट्टी अडकवा आणि पिन टेकलेली असताना फेरे मोजा, कारण पिनेच्या ओढीने चावीचा ग्रामोफोन मंदावतो. 10 सेकंदांत 13 फेरे, म्हणजे मिनिटाला 78, झाले की झालं. सिल्व्हेस्टरचा वॉल्ट्झ साधारण मिनिटाला 30 बार (तीन ठोक्यांचा एक बार), म्हणजे 90 ठोके. मोबाइलवरच्या मेट्रोनोमशी, म्हणजे ठोके देणाऱ्या ॲपशी, ताडून पाहता येतं. ही सोय दुसरा कुठलाही गोड बँड इतक्या खात्रीने देत नाही.

धुताना स्पिरिट, सॅनिटायझर काही नको, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं. पुसून उभी करून सावलीत वाळवा. उन्हात ठेवली की वाकलीच. चावीच्या ग्रामोफोनवर प्रत्येक बाजूला नवी पोलादी पिन. इलेक्ट्रिक टर्नटेबलवर 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाचते.

साध्या, सहज दिसणाऱ्या तबकडीला 200 रुपयांच्या वर जाऊ नका. 'सगळी पेटीच घ्या' असा आग्रह झाला, तर वरच्या चार पाहून हो म्हणू नका. तळातली आधी काढा. ओल खालून चढते.