वेदर्सफील्डचा इतिहासफलक : कांदा, नदी आणि व्यापार

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील, १६३४ साली वसलेल्या वेदर्सफील्डचा इतिहासफलक गावची शेती आणि व्यापार यांची सांगड घालतो, म्हणून मला तो मोलाचा वाटला. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पिकणारा लाल कांदा, बायकांनी वळलेल्या त्याच्या वेण्या आणि त्या घेऊन वेस्ट इंडिजकडे निघणारी जहाजे, एवढे मनात ठेवून १६९०च्या सुमाराचे कोव्ह वेअरहाउस हे गोदाम आवर्जून पाहावे. शेजारची गोदामे पुराने नेली, हे मात्र टिकले. हा कांदा ज्या बेटांवर जात असे, तिथले ऊसमळे गुलामांच्या श्रमावर चालत, ही बाजू अशा फलकांवर ठळक अक्षरांत यायलाच हवी. शाळकरी मुलांना सोबत जरूर न्यावे.