गावाचा नकाशा करायचाय: उपग्रह की ड्रोन?

30 मीटर लांब, 30 मीटर रुंद असं एक शेततळं घ्या. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रात ते जेमतेम एका ठिपक्याएवढं (ठिपका म्हणजे पिक्सेल). युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रात, जिथे एक ठिपका 10 मीटरचा, नऊ ठिपके, तेही तळं चौकटीत नेमकं बसलं तर. एरवी कडेचे ठिपके अर्धे पाणी, अर्धी ज्वारी. ड्रोनने 5 सेंटिमीटरच्या ठिपक्यांचं चित्र काढलं, तर त्याच तळ्यात 3,60,000 ठिपके. काठावर ठेवलेली घागरसुद्धा दिसते.

एवढं ऐकून लोक ड्रोनच्या मागे लागतात. पण तळ्यात मार्चपर्यंत पाणी कोणकोणत्या वर्षी टिकलं, हे ड्रोन कसं सांगणार? तो उडवला त्या दिवसाचंच दाखवतो. लँडसॅटची चित्रं 1972 पासूनची आहेत आणि 2008 पासून फुकट मिळतात. सेंटिनेल-2 ची चित्रंही फुकट, साधारण दर पाच दिवसांनी नवं. पाणलोटाचं काम, पीकपेरा, धरणाचं पसरलेलं पाणी यांसाठी मी दुसरीकडे बघतच नाही. अडचण पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर नुसते ढग. तेव्हा सेंटिनेल-1 चं रडार कामी येतं, पण ते करडं, खरबरीत चित्र वाचायला सवय लागते.

वाड्या, रस्ते, विहिरी दाखवायच्या असतील तर ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, मायक्रोसॉफ्टच्या बिंगचं हवाई चित्र खाली ठेवून गिरवा. गुगलचं चित्र बघून गिरवलेलं तिथे चालत नाही, हे आधीच सांगतो. सह्याद्रीत एक फटका मात्र बसतो. चढउतारामुळे चित्र सरकलेलं असतं. घाटाखालच्या एका वाडीचा रस्ता मी तासभर खपून गिरवला, आणि मोबाइलवर जीपीएस लावून चालून आलो तर सगळा रस्ता ओढ्यात! तेव्हापासून आधी चालतो, चित्र त्या रेघेवर सरकवून घेतो, मग गिरवतो.

गावठाणातली घरं एकेक करून मांडायची असतील तर मात्र ड्रोनला पर्याय नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तसा प्रयोग झाला आणि 2020 मध्ये गावठाणातल्या घरांना मालकीचे कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोन उडण्याआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याच्या फक्कीने आखतात, म्हणजे रेघा वरून दिसतात. स्वतः उडवणार असाल तर पाच गोष्टी धरून चाला: बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांची, एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढणारे फोटो, जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा, फोटो जोडायला दमदार संगणक, आणि ड्रोनसाठीच्या सरकारी हवाई नकाशातल्या हिरव्या पट्ट्यातही 400 फुटांची मर्यादा. विमानतळ जवळ असेल तर त्या नकाशातला रंग आधी तपासा.

बांधाचा वाद असेल तर यातलं काहीच नको. ड्रोनला बांध दिसतो, गट नंबर दिसत नाही. मोजणीचा अर्जच करा.

आणि कोकणात असाल तर टेप बरोबर ठेवा. वरून घराची भिंत दिसतच नाही, दिसते ती पागोळ्यांची कड. भिंत तिच्या दोन-तीन फूट आत असते, आणि फणसाखालचं घर तर चित्रात सापडतच नाही.